लेकरू दिसन

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून कपड्यांच्या घड्या घालायला घेते. बत्तीस वर्षं बालाघाटच्या एका शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे कुणी "मला हाक ऐकू आली" म्हणालं, की मी आधी विचारते - कुठून? किती अंतरावरून? आजूबाजूला कोण होतं? या ग्रुपवरही मी वर्षभर नुसती वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येक अनुभवावर लाल पेनने खुणा करते (रागावू नका). आज मात्र माझीच वही तपासायला देते आहे.

रिटायर झाल्यावर मला फोटोंचा नाद लागला. मुलाने चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेऊन दिला आणि मी आसपासचे आठवडी बाजार फिरू लागले. लांजी, परसवाडा, कधी राजेगावकडे. बसने जायचं, फोटो काढायचे, संध्याकाळी फेसबुकवर टाकायचे. माणसांचे फोटो, त्यातही लहान मुलांचे जास्त. विचारायचं वगैरे काही नाही. विचारलं की माणूस सावध होतो, बाया पदर सारखा करतात आणि फोटो पार मरतो, हे माझं तत्त्वज्ञान. शिवाय मी साठी ओलांडलेली, चष्म्याची, कापडी पिशवीवाली बाई... मला कोण काय म्हणणार? एखाद्या बापाने कपाळाला आठी घातलीच तर मी गोड हसायचे, की झालं. पुरुषाने असं केलं असतं तर मार खाल्ला असता, हे तेव्हाही कळत होतं. पण ते मी सोयीस्कर विसरत होते.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, दिवाळीनंतरची. परसवाड्याचा बाजार, सकाळचे अकरा वाजले असतील. बाजाराच्या कडेला, विहिरीच्या कठड्याला पाठ लावून एक बाई उकडलेले शिंगाडे विकत बसली होती. तिच्या डावीकडे बांगड्यांचं दुकान मांडलेला माणूस, उजवीकडे तंबाखू विकणारे एक म्हातारबुवा. कोण कुठे होतं ते मुद्दाम सांगते आहे, पुढे लागेल.

तिचं काम बघत मी पाच मिनिटं नुसती उभी राहिले. शिंगाड्याला दोन्ही बाजूंना काटे असतात. ती सुरीच्या दोन झटक्यांत ते उडवायची, उभी चीर द्यायची आणि आतला गर अख्खाच्या अख्खा बाहेर काढायची. बोटं काळी पडलेली, पण एकही गर तुटलेला नाही. गिऱ्हाइकाने भाव विचारला की बोटांनीच दाखवायची. एवढ्या गलक्यात घसा कोण फोडणार, मला ते शहाणपणाचंच वाटलं. तिच्या मांडीला टेकून तीनेक वर्षांची मुलगी बसली होती. शिंगाडा दातांनी सोलत होती, ओठ काळेनिळे झालेले, आणि आपल्याशीच हसत होती.

मी फोन उचलला आणि काढला. खरं सांगते, तसा फोटो मला पुन्हा जमलेला नाही. पालातून येणारं ऊन नेमकं मुलीच्या गालावर, बाजूला आईचे हात आणि चेहरा, आणि मागे, विहिरीपलीकडच्या एका दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'परसवाडा'. दुसरा काढायला बोट नेलं आणि समोरून आवाज आला -

"नोका काढू बाई. लेकरू दिसन."

बाईचा आवाज. जरा भरड. राग नाही, विनवणीही नाही, एखादी गोष्ट नुसती कळवावी तसा. मी स्क्रीनकडे बघत होते, तिच्या तोंडाकडे नाही. म्हणजे ओठ हलताना मी पाहिलेले नाहीत, हे आधीच कबूल करते. मान वर केली तेव्हा ती माझ्याकडे सरळ पाहत होती, आणि सुरीच्या हाताच्या कोपराने तिने मुलीला आपल्या मागे सरकवलं होतं.

मला वाटलं, दृष्टीचं काहीतरी. लेकरू कुणाच्या नजरेला येईल, आजारी पडेल, त्यातलं. मी म्हटलं, अगं एवढी ठसठशीत तीट लावली आहेस, कशाची दृष्ट लागते? तिने माझ्या फोनकडे बोट केलं. मग मी तिला दाखवण्यापुरतं स्क्रीनवर बोट फिरवलं, "काढून टाकला हं" म्हटलं, आणि फोटो ठेवून घेतला. हो, फसवलं. वर पावशेर शिंगाडे घेतले, म्हणजे मनाची टोचणीही भागली.

संध्याकाळी आमच्या ह्यांना फोटो दाखवला. हे मोजकं बोलणारे. म्हणाले, सुरेख आलाय, पाटीवर गावाचं नावही आलं. मी त्यांना त्या बाईचं वाक्यही ऐकवलं, तिच्यासारखा भरड आवाज काढून. त्यावर यांनी एवढंच विचारलं, की मग टाकतेस कसा? मी म्हटलं, तुम्हीपण काय हो, दृष्ट-बिष्ट... फोटो चढवला, वर दोन ओळी लिहिल्या आणि पोस्ट करायला बोट नेलं. पण करवेना. हाताला काही झालं नव्हतं, तसलं काही नाही. फक्त ते वाक्य ज्या स्वरात आलं, तो स्वर जाईना. वर्गात एखादी गप्प मुलगी उभी राहून "बाई, तुमचं उत्तर चुकलं" म्हणते आणि आपण फळ्याकडे वळतो तर खरंच चुकलेलं असतं... तसं वाटत राहिलं. शेवटी चिडून फोटो डिलीट केला. ट्रॅशमधूनही.

दहा-बारा दिवसांनी, भर दुपारी, दोन माणसं दारात उभी. भाऊ-भाऊ होते. राजेगावच्या पलीकडून, गोंदियाच्या बाजूने आलो म्हणाले. थोरल्याने फोनवर लग्नातला फोटो दाखवला. मुंडावळ्या बांधलेल्या, आणि तोच सरळ बघणारा चेहरा. बायको मुलीला घेऊन निघून गेली, दोन महिने शोधतो आहे, असं त्याचं म्हणणं. मी बाजारांचे फोटो टाकते हे कुणीतरी त्याला सांगितलं होतं. मग दोघांनी बसून माझे सगळे फोटो पाहिले होते. एकूण एक. मी कौतुकाने टाकलेले ते फोटो हे दोघं बोटांनी मोठे करून करून त्यांत एक बाई आणि एक लेकरू शोधत होते.

"मले पोरगी पायजे," थोरला म्हणाला. "तिचं काही नाई. ते तशीबी मुकी हाय."

मुकी म्हणजे, मी विचारलं.

"जनमापासून. आयकू येते तिले, पन तोंडातून शबद नाई निंगत."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले आमचे हे माझ्याकडे पाहत होते. त्यांना ते वाक्य माहीत होतं, मीच नक्कल करून ऐकवलं होतं.

परसवाड्याले गेलत्या ना, मग ही दिसली का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. धाकट्याने, फोन पाहू का, म्हणून हात पुढे केला. मी दिला. त्याने गॅलरी पाहिली, मग ट्रॅशही उघडून पाहिलं. तेव्हा जन्मात खोटं न बोललेले आमचे हे पेपर खाली ठेवून त्यांच्याच बोलीत म्हणाले,

"हिच्या फोटोत नाई म्हनजे बाजारात नव्हतीच. हे कोनालेच सोडत नाई."

ते दोघं हसले आणि गेले. दार लावून मी तिथेच पायरीवर बसले. 'लेकरू दिसन' याचा अर्थ मला तेव्हा कळला. दृष्टीचा काही संबंध नव्हता. लेकरू दिसेल, एवढंच. ज्यांना दिसायला नको, त्यांना दिसेल.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पहिल्या बसने गेले. फोन पिशवीच्या तळाशी. या वेळी तिच्याजवळ तिची मावशी होती, शिंगाड्यांचा तलाव त्यांचाच. मावशीकडून सगळं कळलं. तिचं नाव आपण सेवंता धरू. एका पहाटे ती मुलीला कडेवर घेऊन निघाली होती. बोलता येत नाही, लिहिता येत नाही, मावशीचं गाव ठाऊक नाही. फक्त मावशी शिंगाड्याच्या तलावाची, एवढं लक्षात. मावशीने कधीतरी पाठवलेला एक वाळका शिंगाडा तिने मुठीत धरला, आणि बसवाल्यांना, बाजारकरणी बायांना तो दाखवत, हातांनी रस्ता विचारत, तीन दिवसांत ती मावशीच्या दारात पोचली. मी बत्तीस वर्षं मुलांना शिकवलं की दिलेलं काय आणि काढायचं काय ते आधी मांडा. इतकं कमी दिलेलं असताना कुणी उत्तर काढलेलं मी पाहिलेलं नाही. पोलिसात जा म्हणायला तोवर कुणी नव्हतं. तिने बाही वर केली तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत उलथनं तापवून दिलेले डाग होते.

मग मी माझा प्रश्न विचारला, की त्या दिवशी माझ्याशी कोण बोललं? मावशी तेव्हा तलावावर होती. ती म्हणाली, "गूंगी है मैडम. ये तो रोने में भी आवाज नहीं करती." मी डावी-उजवी बाजू तपासली. बांगडीवाला आणि म्हातारबुवा, दोघंही पुरुष, दोघंही हिंदी बोलणारे. मागे विहीर. गर्दीतून दुसरी कुणी बाई बोलली असेल? असेल. पण आवाज समोरून आला होता. आणि तोवर मी तोंडही उघडलेलं नव्हतं, मग मला मराठी कळतं हे कुणाला कसं कळलं? ह्यांचं म्हणणं, मला भास झाला. भास असेल तर जे मला माहीतच नव्हतं, नेमकं तेच भासात कसं आलं?

पुढे त्यांना बालाघाटला आणून आम्ही रीतसर तक्रार दिली. डागांचे फोटो लागणार होते. मी फोन काढला, खाली धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाच्या तोंडाकडे बघत विचारलं, "काढू का?" सेवंताने आधी मुलीला मावशीबरोबर बाहेर पाठवलं. दार लागल्याची खात्री केली. मग स्वतः बाही वर केली, खिडकीजवळ येऊन हात उजेडात धरला आणि मान हलवली. त्या बाईच्या धीराला मी मनातल्या मनात हात जोडले. बरेच महिने गेले, खेटे झाले, पण मुलगी आईकडेच राहील असा आदेश निघाला. आता त्या तिघी दुसऱ्या गावी असतात, म्हणून हे लिहिते आहे.

लिहून झाल्यावर, मागच्या आठवड्यात, कागद घेऊन तिला वाचून दाखवायला गेले. त्या वाक्यापाशी थांबले आणि विचारलं, हे तूच म्हणालीस का गं? तिने होकाराची मान हलवली. अगदी सहज, त्यात विचारण्यासारखं काय आहे अशी. आता, मी वाक्य आधी वाचलं आणि प्रश्न नंतर विचारला, तेव्हा हा पुरावा धरता येत नाही, एवढं मला समजतं. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, मी खरंच ऐकेन.

पुढे वाचत होते, तर एका ठिकाणी तिने कागदावर हात ठेवला. मी नुकतंच मुलीचं नाव उच्चारलं होतं. बाकी सगळ्यांची नावं मी टाळली किंवा बदलली होती, ते तेवढं ठेवलं होतं... इतकं गोड नाव आहे की बदलवेना. तिने माझ्याकडे पाहत मान हलवली, नाही म्हणून. मी पेन काढलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जिथे जिथे ते नाव होतं तिथे तिथे तिच्यासमोर खोडलं. तिला वाचता येत नाही. तिने एकेक कागद उजेडाला धरून खालचं अक्षर दिसत नाही ना हे पाहिलं, आणि मग मला परत दिले.