ठिगळाचा पडदा

सिनेमा शिकत असताना आम्ही मुरबाडकडच्या एका गावात लघुपट करत होतो. सेटचं काम माझ्याकडे होतं. एका शेतकरीण बाईंनी त्यांचं घर दोन दिवस दिलं होतं. गरिबी दिसावी म्हणून मी भिंतीला काजळी फासली, दाराला फाटका पडदा लावला. जेवून येतो तर बाईंनी भिंत शेणानं सारवून टाकलेली. मी पुन्हा काजळी फासली.

दुसऱ्या दिवशी त्या उंबऱ्यात बसून पडद्याला ठिगळ लावत होत्या. आमचं एकच रीळ उरलं होतं आणि हवं तसं ऊन तासाभरात सरकणार होतं.

"मावशी, हात लावू नका म्हणून किती वेळा सांगू?" मी ओरडलोच.

त्यांनी दातांनी दोरा तोडला. "तुमच्या शिनेमातली बाय गरीब हाय का आळशी?"

"गरीब."

"मंग तिच्याकं सुई नाय का?"

मी चिडूनच पडदा टांगला. मागून ऊन आलं आणि ठिगळाचा टाका न् टाका उजळला. कॅमेऱ्यावरच्या मित्रानं न सांगताच शॉट घेतला.

पुढे वर्गात लघुपट दाखवला, तेव्हा सरांनी विचारलं, "हा पडदा कोणी केला?" मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, बाईंचं नाव मी विचारलंच नव्हतं.