खंडेनवमीची देखभाल

अखंडित सेवा हे माझ्या आयुष्याचं व्रत होतं. निदान आमच्या बँकेच्या सोलापुरातल्या मुख्य कार्यालयात जिन्यावर तशी पितळी पाटी होती, आणि नेटवर्कची वरिष्ठ इंजिनिअर मी असल्यामुळे ते व्रत आपोआप माझ्याकडे आलं होतं.

आता सगळ्या शाखांच्या लाइनवर पुण्याहून नजर ठेवतात. कुठं काही बंद पडलं की मला मेसेज येतो. पूर्वी फोनवर बोलावं लागायचं, आणि पलीकडे माणूस असायचा. त्यातले अक्कलकोट शाखेचे शिपाईमामा मला अजून आठवतात.

एका वर्षी त्यांची लाइन सारखी जायची. रस्ता खोदणारे केबल तोडत होते. पण वरून फर्मान निघालं, आणखी एकदा सेवा खंडित झाली की शाखा सोलापूरला विलीन. मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. घरी बायको अंथरुणाला खिळलेली. रोज सोलापूरला येणं-जाणं त्यांना जमणारं नव्हतं.

आणि खंडेनवमीला, सकाळी अकरा वाजता, अक्कलकोट बंद. मी फोन लावला.

"मामा, राउटरवर दिवे कुठले लागलेत?"

"दिवे न्हाईत, अक्का. झेंडू हाय."

"म्हणजे?"

"मीच बंद करून, पुसून ठेवलाय. आज हत्यार चालवायचं नसतं की. कोयता धुऊन ठेवतो तसं."

"आधी चालू करा! शाखा जाईल तुमची."

"म्हणून तर पूजा! गेल्या वर्षी ऱ्हायली, तर वर्षभर लाइन जात हुती. तुमी वायरी बदलल्या, पेटी बदलली. फरक पडला का?"

पडला नव्हता.

"मॅनेजरसायबांना द्या."

"ते नारळ आणायला गेलेत."

साडेअकराला नारळ फुटला आणि लाइन आली. मी अहवाल लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यात 'हत्यारास विश्रांती' लिहिलं असतं तर शाखा त्याच दिवशी गेली असती. मग मी घडलेलं एकेक तपासून पाहिलं. तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली होती. काम अधिकृत कर्मचाऱ्याने, मॅनेजरच्या संमतीने, उपकरण फडक्याने पुसून केलं होतं. आमच्या कंत्राटदाराने इतकं नियोजन कधीच दाखवलं नव्हतं. मी लिहिलं, 'नियोजित देखभाल'. ती खंडित सेवेत धरत नाहीत.

पुढे खोदकाम संपलं आणि लाइन जायची थांबली. मामा कारण वेगळं सांगायचे. ते अक्कलकोटमधूनच निवृत्त झाले. निरोपाला त्यांनी मला हळदीकुंकवाचे डाग पडलेला तो जुना राउटर दाखवला, फडक्यात बांधून जपलेला.

माझ्या अहवालावर मात्र मोठ्या साहेबांनी शेरा मारला होता, 'इतर शाखांनी अनुकरण करावे'. त्यामुळे आता दर खंडेनवमीला अकरा ते साडेअकरा आमच्या सगळ्या शाखा नियोजित देखभालीसाठी बंद असतात. नारळ स्टेशनरीच्या खर्चात धरतात.