ओडेसाबाईंच्या पायऱ्या

अमेरिकेतल्या पश्चिम बाल्टिमोरच्या काळ्या लोकांच्या वस्तीत बाईची पारख तिच्या दारापुढच्या संगमरवरी पायऱ्यांवरून व्हायची. ओडेसा पेटिफर्ड दर शनिवारी गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन त्या घासायची. तिचा मुलगा वर्नन हेरॉईनच्या पांढऱ्या पुडीच्या नादानं याच पायऱ्यांवर मरून पडला. तेव्हापासून ती रोज घासू लागली.

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गल्लीत सिनेमावाले आले. त्यांचा माणूस लिरॉय स्टॅन्सबरी तिच्या दाराशी आला. भर उन्हात चामड्याचा लांब कोट. पुड्या विकणाऱ्यांसारखा तो कोट पाहून ओडेसानं दाराची साखळी काढलीच नाही.

"ओडेसाबाई, आम्ही आपल्यातलेच. दिग्दर्शकसुद्धा आपलाच आहे."

"पुड्या विकणाराही आपल्यातलाच होता, बाळा. काय हवंय?"

"पायऱ्या जरा मळवायच्यात. सिनेमात इथं गुंडांचा अड्डा आहे. रंग पाण्यानं निघतो."

"अड्डा? माझ्या घरात?"

"नुसता बाहेरून. आपला हिरो त्यांना हुसकावतो. पुड्या पुरवणाऱ्या गोऱ्या शेठलाही सोडत नाही."

"तो शेठ कुठं राहतो?"

"टेकडीवरच्या बंगल्यात. परवाच तिथलं काम उरकलं."

"त्याच्याही पायऱ्या मळवल्यात का?"

लिरॉयनं मान खाली घातली. "तिथं आम्हाला बूट बाहेर काढायला लावले," तो हळूच म्हणाला.

आल्यापासून हे एवढंच तो खरं बोलला, असं तिला वाटलं. असले सिनेमे आपल्या लोकांची अब्रू घालवतात, असं पाद्रीबाबा दर रविवारी सांगत. ते खोटं नव्हतं. पण वर्नन गेला तेव्हा ही पुडी गल्लीत आणतं कोण, हे ना पोलिसांनी विचारलं, ना वर्तमानपत्रानं. हे लोक निदान विचारत तरी होते. भले हातात पिस्तूल घेऊन का असेना.

"मळवा," ती म्हणाली. "पण नंतर मी त्या धुताना दिसले पाहिजे. सिनेमात."

"दिग्दर्शकांना विचारून बघतो."

"विचारू नकोस. सांग."

चित्रीकरणाच्या दिवशी ती गुडघ्यांवर बसून घासत राहिली. कॅमेरा घरघरत होता. मध्येच तिनं मान वर करून कॅमेरावाल्याला विचारलं,

"त्यात रीळ घातलंय ना रे?"

"घातलंय, मावशी."

"उघडून दाखव."

"उघडलं तर उजेडानं सगळं वाया जाईल."

"बरं सोयीचं आहे तुमचं," म्हणत तिनं ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.

हिवाळ्यात सिनेमा लागला. ओडेसा मांडीवर पर्स घट्ट धरून बसली. हिरो दिसला की थिएटर शिट्ट्यांनी दणाणून जायचं. पडद्यावर काळा रंग फासलेल्या आपल्या पायऱ्या दिसल्या तेव्हा तिनं नजर खाली वळवली. गोळ्या सुटल्या, गुंड पळाले, शेठ मेला. तिचा मात्र पत्ता नव्हता. "ठाऊकच होतं," असं पुटपुटत ती निघायला उठली.

एवढ्यात पडद्यावरचा गोंगाट थांबला. एक वाकलेली पाठ, एक ब्रश, आणि पायरीवरून ओघळणारा पांढरा फेस. बस्स, तेवढंच. कुणी शिट्टी मारली नाही. मागच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "माझी आजी अशीच घासते."

ओडेसा परत खाली बसली. दिवे लागेपर्यंत ती जागची हलली नाही.

घरी आली तर शेजारची हॅटी ग्रूम्स आपल्या पायरीवर वाट बघत बसलेली.

"काय गं, होतीस का त्यात?"

"आज होते," ओडेसा कुलूप काढत म्हणाली. "त्यांचा काय भरवसा? उद्या तेवढा तुकडा कापूनही टाकतील. उद्या पुन्हा जाऊन बघते."