हौदातले मासे

जैनुद्दीनचं काम ऐकून पौडच्या बाजारात लोक हसायचे. कारखान्यात नोकरी, आणि करतो काय, तर मासे सांभाळतो! पिरंगुटच्या अंगाला रंगांचा कारखाना होता. त्याचं घाण पाणी चुना-तुरटी टाकून निवळत ठेवायचं, मग हौदात आणि हौदातून ओढ्याला सोडायचं. हौदात मासे जगले म्हणजे पाणी शुद्ध. तपासणीचे साहेबसुद्धा आधी हौदात डोकावायचे, मग चहा प्यायचे.

पण मासे जगतील तर शपथ! मॅनेजर चुना निम्माच टाकायला लावी. साहेब येणार असले की जैनुद्दीन पार मुळा नदीवर जाऊन जाळं टाकी, मेलेले मासे उपसून जिवंत सोडी. बोलावं तर नोकरी जाणार, आणि जमीन तर कारखान्यातच गेलेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात जैनुद्दीनच्या वस्तीची विहीर आटली. मुळा दीड कोस लांब. बायांनी हौदात मासे पोहताना पाहिले आणि खालच्या ओढ्यावर हंडे लावले. त्याची आई बिस्मिल्ला तर कौतुकानं सांगायची, हे पाणी माझ्या पोराच्या हातचं. घरचा हंडा जैनुद्दीननं मुद्दाम लवंडला, पण वस्तीचे किती लवंडणार?

पुढच्या तपासणीला तो मुळेवरून बादली घेऊन आला, तेव्हा हौदात सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. ओढ्यावर बाया पाणी भरत होत्या, आईही त्यांच्यात. फाटकातून मॅनेजरनं उरकायला सांगितलं, साहेब आलेच म्हणाला. जैनुद्दीननं बादली बाजूला ठेवली आणि शेजारच्या गोजराबाईला हाक मारून बायांना वर बोलावलं.

"काकी, ह्यात मासं जगत न्हाईत. तुमी बघता ते मीच आणून सोडतो."

साहेबांनी पाहिलं, कागद केले, गेले. कारखाना चालूच राहिला. संध्याकाळी जैनुद्दीनला मात्र घरी बसवलं. खरं बोलला म्हणून वस्तीनं डोक्यावर घेतला असेल म्हणता? कसलं काय! आईनं मान वर केली नाही. गोजराबाईनं रिकामा हंडा त्याच्या दारात ठेवला.

"पानी घान हाय, कळलं. मग भरायचं कुटं, ते बी सांग की."

दुसऱ्या दिवशी बाया त्याच ओढ्यावर गेल्या. बिस्मिल्लाही गेली.