खुडबुड्याचं दुकान आणि दादाच्या हाका

...तर दुकानाचं सांगता सांगता काल माझा डोळा लागला. दुकान म्हणजे तरी काय, खुडबुड्याच्या घराची पुढची खोली. खुडबुड्या हे नाव त्याच्या वडिलांनी ठेवलेलं. घरातलं एकही घड्याळ या पोराने धड राहू दिलं नव्हतं.

त्याचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, समुद्रातल्या दीपगृहावर कामाला. तिथे ना फोन, ना शेजार. म्हणून दोघांनी रीतसर परवाने काढले, आपापल्या हातांनी सेट बांधले आणि रविवारी दुपारी रेडिओवरून गप्पा सुरू केल्या. ते ऐकून गल्लीतल्या न्हाव्यालाही तोच नाद लागला. पण सेटला लागणारी कॉइल त्याला सुटी देणार कोण? बाजारात म्हणत, घ्यायची तर पेटीभर घ्या. न्हावी रडकुंडीला आला, तेव्हा खुडबुड्याने स्वतःच्या सेटमधली कॉइल उपसून त्याच्या हातावर ठेवली. "नवी आली की माझी बसवीन," म्हणाला. झालं! दुकान सुरू झालं ते असं.

नवी आली, ती शिंप्याने नेली. मग कुणाला सेटचा कंडेन्सर हवा, कुणाला दिव्यासारखा काचेचा व्हॉल्व्ह. हा पेटीभर माल आणायचा, सुटा विकायचा, आणि संपला की परत आपल्याच सेटमध्ये हात घालायचा. लांबलांबचे छांदिष्ट येऊन बाकावर तळ ठोकत, जळके भाग याच्या नाकासमोर धरत. याची कंबर गेली, चष्मा जाड झाला, सेटचा नुसता सांगाडा उरला.

आणि गंमत बघा, दादाचा आवाज गावभरच्या सेटांवर ऐकू येई, यालाच तेवढा नाही!

गिऱ्हाइकं सांगत, "शेठ, दादा काल पुन्हा विचारत होते, धाकटा आहे की गेला?"

हा पुडी बांधत म्हणे, "सांगा, जिवंत आहे, दुकानात आहे."

वहिनी, म्हणजे याची बायको, आतून म्हणे, "दोन्ही एकदम कसं असेल?"

शेवटी एका रविवारी वहिनीनेच शटर अर्धं ओढलं. "अहो, दादांचा आवाज फार खोल गेलाय म्हणतात. आज सेट जोडा बघू."

हा मान मोडेस्तोवर वाकून तारांना डाग देत बसला. शेवटचा व्हॉल्व्ह बसवायचा, तेवढ्यात शटरखालून न्हावी रांगत आत.

"शेठ, घात झाला! दादा बोलत होते, 'धाकट्याला सांगा' म्हणाले आणि माझा व्हॉल्व्हच गेला. एखादा द्या ना. पुढचं ऐकतो आणि पळत येऊन सांगतो!"

तसला एकच उरला होता, तो याच्या चिमटीत. सवयीने हात पुढे झालासुद्धा. वहिनी दारातून त्या हाताकडे बघत राहिली.

खुडबुड्याने हात मागे घेतला, व्हॉल्व्ह खोबणीत दाबला आणि म्हणाला,

"नाही देत. दमलो रे मी, दादाचे निरोप तुमच्या तोंडून ऐकून. ते शटर खाली ओढ आणि गप बस. पुढचं आज मी ऐकतो, आणि तुला सांगतो."