भोंग्यातला ताराचंद

ताराचंदला गाता येतं आणि शेती करता येते, आणि दोन्हींपैकी एकही तो सोडायला तयार नाही. अशा माणसाला आमच्याकडे शहाणा म्हणत नाहीत. मी त्याच्या पार्टीत बावीस वर्षं ढोलकी वाजवतो आणि एरवी गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात थान उलगडतो, तेव्हा हे बोलायचा मला अधिकार आहे. माझी ढोलकी निदान खाटेखाली गप्प पडून राहते. त्याच्या सहा एकरांना तेवढी समज नाही.

आमची पार्टी खडी गंमतीची. उभ्यानं गाणं, नाच, सोंगं आणि थोडा चावटपणा, अशी ही आमच्या भागातली खिचडी. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि भर दुपारी मैदानात आम्ही उभे राहतो. नेमके तेच दिवस तुरीला शेंगा धरायचे आणि हरभरा वर यायचे. रानडुकरांना हे पंचांग आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं.

ताराचंदचं वावर खापरखेड्याच्या पुढे, वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात तिथे. घरही वावरातच. घरात बायको गोपिका आणि म्हातारे वडील चंपतराव. मुलगी भूमिका शहरात, मनीषनगरात खोली करून नर्सिंग शिकते. म्हणजे ताराचंद मंडईला निघाला की सगळी राखण एका बाईवर आणि एका गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यावर.

म्हणून तीन वर्षांपूर्वी त्याने भोंगा आणला. हल्ली पुष्कळ जण लावतात. बांबूवर छोटा कर्णा, खाली डब्यात बॅटरी, आणि कार्डात भरलेला आवाज. कोणी वाघाची डरकाळी भरतं, कोणी फटाके. ताराचंदने 'हुर्र, हा हा' भरलं. डुकरं पंधरा दिवसांत सरावली आणि भोंग्याखालीच हरभरा खाऊ लागली. मग त्याने डोकं चालवलं. डुक्कर आवाजाला भीत नाही, माणसाला भितं, असं त्याचं म्हणणं. तेव्हा त्याने माणूसच भरला. बैलाला घातलेल्या शिव्या, खोकला, थुंकणं, गणाची एखादी ओळ, आणि मधेच घराकडे तोंड करून मारलेली हाक : "गोपिके, चहा ठेव वं, आलो मी." दिवस मावळतीला आला की गोपिका बटण दाबायची आणि वावरात ताराचंद सुरू व्हायचा. त्यानंतर एकही डुक्कर फिरकलं नाही.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताराचंद माझ्या गाडीवर मागे बसलेला होता. बांधापाशी गाडी बंद केली आणि समोरच्या तुरीतून ताराचंद खोकला. मग म्हणाला, "गोपिके, चहा ठेव वं, आलो मी." मी मागे वळून पाहिलं. मागचा ताराचंद हसत होता. मला हसू आलं नाही. त्या गळ्यामागे मी इतकी वर्षं ठेका धरला आहे, त्याचा श्वास कुठे तुटतो ते मला माहीत आहे, आणि तुरीतला श्वासही तिथेच तुटला. माणूस एकीकडे आणि त्याचा आवाज दुसरीकडे हिंडताना पाहिला की अंगावर काटा येतो, मग तो आपला दोस्त का असेना.

घरात चहा ठेवलेला नव्हता. मी चिडवलं तर गोपिका म्हणाली, "पहिले आठ दिवस दर हाकेले बाहेर येत होती, भाऊजी. आता कान बंद करून घेतले. नाही त रातभर चहाच ठेवत बसाव लागन."

या गोपिकेबद्दल एक सांगायला हवं. लग्नाआधी ताराचंद पार्टीत नाच्या होता, म्हणजे साडी नेसून बाईचं सोंग करायचा. बाईचा आवाज असा काढायचा की समोरच्या बाया पदर सावरायच्या. लग्न ठरलं तेव्हा गोपिकेने एकच अट घातली. शाहीर म्हणून गा, पण ती साडी आणि तो आवाज बंद. त्याने शब्द पाळला. तो आवाज तिने तोवर कधी ऐकला नव्हता. एवढंच कशाला, तोंडावरचा रंगसुद्धा तो वावरातल्या विहिरीवर धुऊन मगच घरात जायचा. दोन डगरींवर पाय ठेवणारा माणूस निदान पाय धुऊन ठेवत होता.

मागच्या वर्षी मौद्याकडच्या एका मंडईत आमचे दोन दिवस ठरले होते. पहिल्याच दिवशी त्या गावात मयत झाली. कार्यक्रम अर्धा तास होऊन थांबला आणि ताराचंद एक दिवस आधीच घरी निघाला. फोनची बॅटरी संपलेली, त्यामुळे घरी कळवलं नाही. दिवस मावळताना तो आडवाटेने वावरात शिरला आणि नेहमीसारखा विहिरीवर वाकला. काठाचा दगड ओला होता. पुढचं त्याला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की गळ्याइतकं गार पाणी होतं आणि हातात मोटारीचा काळा पाइप होता. विहीर सिमेंटची, गुळगुळीत. वर चढायच्या लोखंडी पायऱ्या केव्हाच गंजून पडलेल्या.

त्याने हाक मारली. "गोपिके! अवं गोपिके!"

घर तिथून दोनशे पावलं. चुलीचा धूर विहिरीच्या तोंडावरून जाताना त्याला दिसत होता. भांड्याचा आवाज आला. कोणी आलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली, आणि तेव्हा वरून, तुरीतून, त्याला तोच ऐकू आला. "गोपिके, चहा ठेव वं, आलो मी."

ताराचंद म्हणतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा भीती वाटली. बुडायची नाही. वरचा ताराचंद इतका मजेत होता की खालचाच खोटा वाटायला लागला. खालचा ओरडला की वरचा खोकायचा. खालचा रडला की वरचा गण म्हणायचा. त्याच्या लक्षात आलं, की आपल्या आवाजात आपण काहीही बोललो, अगदी "मेलो" म्हणालो, तरी घरात ते रोजचंच वाटणार आहे. दोन वर्षं आपणच त्यांना शिकवलं आहे, की या आवाजाला ओ द्यायची नाही.

वरचा गोल आभाळाचा तुकडा काळवंडत गेला. बोटं सुटायला लागली. आणि मग ताराचंदने जो आवाज भोंग्यात नव्हता, तो काढला.

घरात चंपतराव माळ ओढत बसले होते, ते थांबले. विहिरीकडून बाई रडत होती. "माय वं, कोणी आहे का वं." चंपतरावांनी दार लावून घेतलं. विहिरीत आसरा असतात, त्या तिन्हीसांजेला हाक मारून माणसाला पाण्यात ओढतात, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं आणि खरं मानलेलं.

"सूनबाई, जाऊ नको," ते म्हणाले. "बाई नव्हे थे."

गोपिकेने भिंतीवरची सोल उतरवली, तो जाड दोर खांद्यावर टाकला आणि कडी काढली. "असंन आसरा, बावाजी," ती म्हणाली. "रडून त राहिली ना."

विहिरीवर तिने टॉर्च मारला नाही. खाली काय दिसेल याची तिला भीती होती. सोल निंबाला बांधून दुसरं टोक तिने अंधारात सोडलं. "बाई, घाबरू नको वं. फास काखेत घाल." खालून आवाज आला, "सोडू नको, माय." ताराचंदने आपला आवाज काढलाच नाही. आपल्या आवाजात बोललो तर ती परत जाईल, असं त्याला वाटत होतं. शेवटी चंपतरावही लंगडत आले, आणि दोघांनी ओढून काढलं ते काठावर येऊन पडलं. अर्धा चेहरा रंगवलेला, अर्धा धुतलेला. गोपिकेने नवऱ्याला ओळखलं, आणि तो तिच्याकडे पाहत त्या परक्या बाईच्या आवाजात म्हणाला, "थंडी वाजून राहिली वं." त्याचा स्वतःचा आवाज सकाळपर्यंत आला नाही.

दोन दिवसांनी मी भेटायला गेलो. ताराचंद तापात होता, पण खाटेवरून सगळ्यांना किस्सा सांगत होता. दोन ताराचंद, एक वर, एक खाली. "भोंग्यानं मारलंच होतं मले," म्हणायचा. लोक हसायचे. निघताना गोपिका मला बांधापर्यंत सोडायला आली. तिचे डोळे खोल गेले होते.

"भाऊजी, भोंगा बंद होता," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"बॅटरी दुपारीच काढून आणली होती, चार्जिंगले. चुलीपासच्या बोर्डावर लागून होती. मी भाकरी थापून राहिली होती अन् बॅटरी माह्या डोळ्यासमोर. त्याईनं हाक मारली. एक डाव नाही, दहा डाव. मले वाटलं भोंगा. बॅटरी पाहून राहिली होती, तरी वाटलं भोंगा. तेव्हापासून डोळ्याले डोळा लागत नाही. त्याईले सांगू नका. भोंग्यापायी ऐकू गेलं नाही असं त्याईले वाटते, वाटू द्या."

"मग त्याने वरून ऐकला तो कोणाचा आवाज?" मी विचारलं.

ती तुरीकडे पाहत राहिली. परत जाताना ती वावरातून गेली नाही, सडकेने फिरून गेली.

महिनाभराने आम्ही पुन्हा मंडईला निघालो. वाटेत चहाला थांबलो, तिथेही याने दोन ताराचंदांचा किस्सा रंगवून सांगितला. मला राहवलं नाही. दोघेच उरलो तेव्हा मी विचारलं, "खरंच आला होता का गा तो वरचा आवाज?"

त्याने कप खाली ठेवला. "ताप उतरल्यावर भोंगा फोडाले गेलो होतो, भैय्याजी. डबा उघडला. आत बॅटरीच नव्हती. घरात आलो त थे बोर्डावर, तारेसकट. बावाजी म्हणे, त्या दिवशी दुपारपासून तिथंच होती."

"मग?"

"मग काय. आवाज आला म्हणजे आला. माहाच होता. त्याच्यावर मी आता विचार करत नाही, केला त विहिरीवर जाता येणार नाही, अन् पाणी त द्याच लागते."

"मग लोकाईले काहून सांगत हिंडतो, भोंगा चालू होता म्हणून?"

"गोपिकेच्या कानावर जाते ना फिरून," तो म्हणाला. "भोंगा बंद होता, एकटा मीच बोंबलून राहिलो होतो, हे तिच्या ध्यानात आलं, त ती कशी झोपन?"

मी चहाचे पैसे दिले आणि गाडी सुरू केली. ती झोपत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.