सुपारी फुटेपर्यंत

टिकाराम सरपंच झाला आणि पहिल्याच ग्रामसभेत त्यानं नियम घातला: अडकित्त्यात सुपारी फुटेपर्यंत ठराव उघडा. हात वर झाले असले तरी तोवर कोणीही उठावं, दुरुस्ती सांगावी. सरपंच ती मताला टाकणारच. सभेच्या शेवटी सुपारी वाटायची रीत जुनीच, तिला यानं ही शेपटी जोडली. आधीच्या सरपंचानं कोणाला तोंड उघडू दिलं नव्हतं, त्यामुळे धानाच्या मुलखातलं, कोंढ्याकडचं ते गाव खूश झालं. टिकारामला तर तो नियम पोटच्या पोराहून लाडका. अहो, लाड असावा, पण इतका?

एकोणऐंशी साली पावसानं दगा दिला. तळ्यात पाणी उरलं ते एकाच पाळीचं. पाटाच्या अगदी टोकाला टिकारामच्या विधवा बहिणीच्या, रुखमाच्या, दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची वावरं. धान पोटरीवर आलेला. टिकारामनं स्वतः ठराव मांडला: यंदाचं पाणी टोकाच्या बांध्यांना. वरच्यांच्या, तळ्याजवळच्या जमिनीत पाझर अजून होता. कुरकुरत का होईना, हात वर झाले. बायकांत बसलेल्या रुखमानं पदरानं डोळे पुसले.

अडकित्ता उघडला आणि लक्ष्मणराव उठला. त्याची शेती तळ्याला लागून.

"सरपंच, बारीकशी दुरुस्ती. टोकालेच द्या पानी, पन जाता जाता वरच्या बांध्या भिजू द्या."

जाता जाता म्हणजे काय, हे टिकारामला कळत नव्हतं थोडंच! झाला ठराव, बस खाली, असं म्हटलं असतं तर कोण खाणार होतं त्याला? पण लक्ष्मणराव हसला. "सुपारी फुटाची हाय अजून." टिकारामनं दुरुस्ती मताला टाकली. सभेत वरच्या शेतीचेच लोक जास्त. हात पुन्हा वर झाले, या खेपेला भराभर.

पाणी वरच्यावरच जिरलं. रुखमाच्या धानाची दाण्यावाचून नुसती तणस झाली. टिकाराम तिच्या दारी गेला, तर ती आतूनच म्हणाली, "तुले कायदा पाहिजे होता, भाऊ. बहीन कायले पाहिजे?"

त्या दिवाळीला तिनं त्याला ओवाळलं नाही, पुढेही कधी नाही. बांध्या ठेक्यानं देऊन ती त्याच लक्ष्मणरावाच्या निंदणाला जाऊ लागली.

टिकारामनं सरपंचकी सोडली, तेव्हा शेवटच्या सभेत आभाराचा ठराव आला: यानं कोणाचं बोलणं कधी अडवलं नाही. मांडला कोणी? लक्ष्मणरावानंच. मेल्याला लाज कुठली! हात वर झाले, अडकित्ता उघडला, आणि रुखमा उठली.

"सुपारी फुटली नाही ना? मंग माही दुरुस्ती लिवा. कोनाचं बोलनं अडवलं नाही, अन् बहिनीचा धान वाळू देला."

टिकारामनं हीही दुरुस्ती मताला टाकली.

"दुरुस्तीच्या बाजूनं कोन?"

रुखमाचा हात वर झाला. मग टिकारामचा. तिसरा काही झाला नाही. दुरुस्ती पडली, आभार पास झाले, सुपारी फुटली. टिकारामचा हात मात्र तसाच वर राहिला होता.

"घे खाली," रुखमा म्हणाली. "हा हात तवा आडवा कराचा होतास, भाऊ."